टाकीमागचा नळ

मिस्त्रींच्या घरात गेले तीन महिने एका माणसाचं नाव दिवसातून दहा वेळा निघत होतं, आणि ते मिस्त्रींचं नव्हतं.

"भाऊ म्हणाले, दिवा जरा उशिरा लावा." "भाऊ म्हणाले, मीठ एकदम ओतायचं नाही." काही अडलं की, "थांबा, भाऊंना विचारते."

हे भाऊ म्हणजे कोपऱ्यावरचे मेडिकलवाले. नात्याचे ना गोत्याचे. मिस्त्रींची बायको, जिला सगळी गल्ली शिवणबाई म्हणे, एकदा खोकल्याचं औषध आणायला गेली होती. तिथे काउंटरवर पडलेल्या मोबाइलमध्ये तिला प्रवाळांच्या टाकीचा फोटो दिसला. "अगंबाई, तुमच्याकडेही?" एवढ्यावरून सुरुवात झाली. आठवड्याभरात ती ताई झाली, ते भाऊ झाले आणि मिस्त्री, कोणी न विचारता, दाजी झाले.

टाकी शिवणाच्या खोलीत होती, मशीनच्या उजव्या हाताला. चार फूट लांब, आत खारं पाणी, दगड आणि दगडांवर प्रवाळ. मूळची ती लेकीची. लेक नोकरीसाठी दूर गेली, टाकी मागे राहिली, आणि टाकीत अंगठ्याएवढा एक प्रवाळाचा तुकडा राहिला. शिवणबाईने तो सात वर्षं वाढवला. आता तो परातीएवढा झाला होता. खाली दगडी देठ, देठावर एकवीस तोंडं आणि प्रत्येक तोंडाभोवती हिरव्या मऊ बोटांचा झुपका. बोटांची टोकं सोनेरी. पाणी हललं की सगळी बोटं एकदम डुलायची. पडदे शिवायला टाकायला येणाऱ्या बायकांना ते झाड वाटे. शिवणबाई लगेच सुधारून सांगे, "झाड नाही हो, जीव आहे. खातो, झोपतो, रुसतो. रुसण्यात तर आमच्या ह्यांच्या वरचढ आहे."

ह्यांचा बायकोवर संशय होता का? छे. साठी उलटलेली माणसं ही. कोणी तसं विचारलं असतं तर मिस्त्रींनी त्याला जिना दाखवला असता. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. मेडिकलवाला बोलायला लागला की शिवणबाई मशीनचं चाक थांबवून, मान एका बाजूला कलवून ऐकायची. चाळीस वर्षांच्या संसारात मिस्त्रींचं एक वाक्य तिने असं ऐकलं नव्हतं. त्यांच्या बोलण्याला तिचं ठरलेलं उत्तर म्हणजे मशीनची घरघर.

आणि मग त्या माणसाने कळस केला. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून उडालं तेवढं साधं, फिल्टरने क्षार काढलेलं पाणी वरून घालावं लागतं. ते आपोआप पडावं म्हणून मेडिकलवाल्याने टाकीच्या मागच्या कप्प्यात प्लास्टिकचा एक चिमुकला बॉलकॉक बसवला. पाणी उतरलं की तरंगता गोळा खाली येणार आणि नळ उघडणार. हे काम त्याने मिस्त्रींच्या घरात, मिस्त्री पलीकडच्या खोलीत बसलेले असताना, स्वतःचा पाना आणून केलं.

"दाजी, सहज तुमच्याकडे पाना मागणार होतो," तो जाताना म्हणाला, "पण म्हटलं, आता निवृत्त माणसाला कशाला त्रास."

चाळीस वर्षं नळमिस्त्री म्हणून ज्यांनी शहराच्या भिंतींमधून पाणी फिरवलं, त्यांच्या घरात परका माणूस येऊन नळ बसवून गेला! मिस्त्रींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शिवणबाई पडदे पोचवायला बाहेर पडताच त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. त्यांच्याकडे जुन्या साठ्यातला पितळी बॉलकॉक होता, अस्सल, सोन्यासारखा झळकणारा. प्लास्टिकचं ते खेळणं काढून पिशवीत टाकलं आणि पितळी बसवला. थेंबभरही गळती नाही. बायकोला सांगितलं नाही. मनात हिशोब असा की, कधीतरी त्या मेडिकलवाल्याच्या घरचा प्लास्टिकचा नळ मोडेल, पाणी लादीवर येईल, तेव्हा तिला टाकीच्या मागे नेऊन दाखवू की बघ, काम कशाला म्हणतात.

पाच आठवड्यांनी प्रवाळ आजारी पडलं.

आधी डाव्या बाजूच्या तोंडांची बोटं आखडली. मग ती सकाळी उघडेनात. शिवणबाईचे पाय मशीनवरून सुटले. मेडिकलवाला संध्याकाळी दुकान माणसावर सोडून आला, खाली बसून बराच वेळ काचेतून बघत राहिला आणि म्हणाला, "प्रकाश जास्त होतोय, ताई." दिवा वीतभर वर चढवला. चार दिवसांत आणखी तीन तोंडं मिटली.

मिस्त्री दारात उभे राहून चहा पीत होते. प्रवाळाचं वाईट वाटत होतंच, पण त्या माणसाचं निदान चुकलं याचा गोडवा चहात उतरला होता.

"मग? प्रकाश नव्हता वाटतं?" ते म्हणाले.

"एकेक गोष्ट बाद करत जावं लागतं, दाजी. ती बोलत थोडीच आहेत."

"हो ना. बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्या देणं सोपं."

शिवणबाईने असं काही बघितलं की मिस्त्री कप विसळायला निघून गेले.

मग खारटपणा मोजला, तो बरोबर निघाला. काचेच्या नळ्यांत औषधाचे थेंब टाकून पाण्याचे रंग बघितले, तेही ठीक. मग अंगावर कीड असेल म्हणून छोटी प्रवाळं तपकिरी औषधाच्या पाण्यात बुडवून काढली. वाडग्याच्या तळाशी एक किडा पडला नाही. दर खेपेला मेडिकलवाल्याचा चेहरा उतरे आणि दर खेपेला मिस्त्रींची छाती बोटभर फुगे. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. माणूस इतका चुकत होता, तरी शिवणबाईचं त्याच्याकडे मान कलवून बघणं काही कमी होत नव्हतं.

मग टाकीतल्या गोगलगायी मरून पडायला लागल्या. काच साफ करणाऱ्या त्या गोगलगायी एका सकाळी उताण्या दिसल्या, दुसऱ्या सकाळी आणखी चार.

मेडिकलवाला हातातली नळी खाली ठेवून म्हणाला, "गोगलगायी पडल्या म्हणजे पाण्यात धातू असू शकतो. तांबं असलं तर ह्या जिवांना कणभरही पुरतं. ताई, टाकीत किंवा पाण्याच्या वाटेवर कुठे काही धातूचं आहे का?"

शिवणबाई मिस्त्रींकडे वळली. "अहो, नळाचं तुम्हाला कळतं. आहे का काही?"

कितीतरी दिवसांनी तिने त्यांना विचारलं होतं, आणि तेही त्या माणसाच्या देखत. मिस्त्रींना पितळी नळ आठवला. तरी तोंडातून निघून गेलं, "धातू कुठला? सगळं ह्यांचंच प्लास्टिक आहे ना."

"हो, तो नळ मीच बसवलाय," मेडिकलवाल्याने मान हलवली. त्याने मागे वाकून बघितलंसुद्धा नाही. "मग ह्या दगडातच काही दोष असणार. ताई, आता एकच राहिलं. रविवारी मी करवत घेऊन येतो. मोठं प्रवाळ दगडासकट माझ्या टाकीत मावणार नाही. कापून जेवढी तोंडं जिवंत आहेत तेवढी माझ्याकडे नेऊ. अशा अवस्थेत कापलं की निम्मी जातील, पण निम्मी तरी राहतील."

"कापायचं?" शिवणबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना न लावता तशीच काचेकडे बघत बसली.

"तुम्ही रोज येऊन बघत जा ना."

रोज! मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर ती त्याच्या घरच्या खुर्चीत बसलेली आली, मान कलवून.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेली तसे मिस्त्री टाकीच्या मागे शिरले आणि नळ सोडवून उजेडात धरला. बाहेरून सोनं होतं. आत बोट फिरवलं तर बोट हिरवं झालं.

ते तिथेच लादीवर बसले. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही, हेच तर दुःख. ज्यातले सगळे क्षार काढून घेतलेत असं पाणी भुकेलं असतं. ते वाटेतलं पितळ खातं, त्यातलं तांबं सोबत घेऊन जातं. पूर्वी एका कारखान्यात त्यांनी स्वतः मुकादमाशी भांडून अशा पाण्याच्या वाटेवरचे सगळे पितळी नळ काढायला लावले होते. जे दुसऱ्याला ओरडून सांगितलं, ते आपल्या घरात विसरले. विसरले कसले, त्या दिवशी डोक्यात पाणी नव्हतंच, एक माणूस होता.

त्यांनी प्लास्टिकचा नळ परत बसवला आणि मनाला सांगितलं, झालं, कारण दूर केलं, आता सुधारेल. पण दुपारी आणखी एक गोगलगाय उताणी झाली. आत गेलेलं तांबं आतच होतं. ते काढायचं कसं, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याचं दुकान कोपऱ्यावर होतं, आणि रविवार परवावर आला होता.

दुकानात गर्दी नव्हती. मिस्त्रींनी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. मग काचेवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "माझ्या एका ओळखीच्याच्या टाकीत समजा तांबं गेलं, तर काय करतात?"

मेडिकलवाला गोळ्या मोजता मोजता थांबला. "तुमच्या ओळखीच्याने पितळी नळ बसवला होता का?"

मिस्त्री पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागले.

"कधी?"

"तुम्ही प्लास्टिकचा बसवलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मेडिकलवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओरडला असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. भांडण त्यांना जमत होतं. पण तो म्हणाला, "वाचेल, दाजी. आजपासून दिवसाआड पाव टाकी पाणी बदलायचं. तांबं शोषून घेणारी पिशवी मिळते, ती मी मागवतो, तोवर कोळशाची घालू. करवत नको. आणि ताईंना काही सांगू नका. मी सांगतो, माझ्या मिठाच्या पोत्यात दोष निघाला म्हणून. तुमच्या घरात कशाला कटकट."

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता हा चुकूनही मोठा! हा दोष अंगावर घेणार, ती याला माफ करणार, वर म्हणणार, "भाऊ किती सरळ माणूस, स्वतःहून कबूल केलं." आणि हे सगळं आपल्याच पितळेच्या जोरावर!

"काही गरज नाही," ते गुरकावले. "तुमचं मीठ चांगलं आहे. माझी चूक मी सांगेन. तुम्ही मध्ये पडू नका."

गोळ्या तशाच टाकून ते घरी आले. शिवणबाई टाकीसमोर होती. मिस्त्रींनी पितळी नळ खिशातून काढून मशीनच्या पाटावर ठेवला, हिरवी बाजू वर करून.

"हा मागे होता," ते म्हणाले. "मी बसवलेला. काल विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

तिने नळ उचलला, आत बघितलं, वास घेतला. आंबट पितळेत ठेवलं की कळकतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"का बसवलात?"

"त्याने पाना आणला होता," मिस्त्री म्हणाले. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी ते त्यांनाही ऐकवेना.

"त्याने पाना आणला," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून माझी सात वर्षं कळकवलीत. माझ्याशी भांडायचं होतं. त्याच्याशी भांडायचं होतं. तोंड काय शिवलं होतं का मी तुमचं?"

"तू ऐकतेस कुठे. मी बोललो की मशीन लावतेस."

"तुम्ही बोलता काय? नळ, नळ आणि नळ. ज्या दिवशी नळाबद्दल विचारलं, त्या दिवशी खोटं बोललात." तिने नळ कचऱ्यात टाकला. "बादल्या आणा. रडायला नंतर वेळ काढू."

तीन आठवडे दिवसाआड मिस्त्रींनी पाणी वाहिलं. मीठ विरघळवायचं, पाणी कोमट करायचं, जुनं नळीने काढायचं, नवं सावकाश सोडायचं. शिवणबाई कामापुरतं बोलायची: "थांबा", "हळू", "पुरे". मेडिकलवाला पिशव्या घेऊन आला, नळ्यांत रंग बघून गेला. तांब्याचा आकडा खाली येत गेला. ती त्याचं मान कलवून ऐकत होतीच, आणि मिस्त्रींना ते तेवढंच झोंबत होतं. फक्त आता हातात बादली होती, म्हणून तोंड बंद होतं.

एकवीसपैकी नऊ तोंडं गेली. त्यांचे दगडी देठ पांढरे, रिकामे उरले. बाराव्या दिवशी मधल्या एका तोंडातून हिरवं बोट बाहेर आलं, मग दुसरं. शिवणबाईने मिस्त्रींच्या मनगटाला धरून त्यांना काचेपाशी ओढलं आणि बराच वेळ मनगट सोडायचं विसरली.

महिना झाला तेव्हा मेडिकलवाला डब्यात पाणी घालून एक तुकडा घेऊन आला, त्याच्या टाकीतल्या प्रवाळाचा. दोन तोंडं, जांभळट. "रिकाम्या जागेवर लावा, ताई. भरून येईल."

शिवणबाईने डबा मिस्त्रींपुढे केला. "तुमचा हात स्थिर आहे. लावा."

तर आता त्या माणसाचं प्रवाळ आपल्या हाताने आपल्या घरात चिकटवायचं. मिस्त्रींनी बाही वर केली, बुडाला डिंक लावला, हात पाण्यात घातला आणि तुकडा दगडाच्या मागच्या अंगाला टेकवला.

"पुढे," शिवणबाई म्हणाली.

"इथे पाण्याचा ओघ बरा आहे."

"तिथे मला मशीनवरून दिसणार नाही. पुढे."

मिस्त्रींनी तो बोटभर पुढे सरकवला.

"राहू द्या हो, ताई," मेडिकलवाला समजुतीने म्हणाला. "दाजी म्हणतात तर मागेही जगेल."

ते ऐकलं आणि मिस्त्रींनी तुकडा उचलला, दगडाच्या माथ्यावरून आणून समोर, काचेच्या अगदी जवळ, मशीनवरून नजर टाकली की पहिला दिसेल अशा जागी दाबला, आणि डिंक धरेपर्यंत कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात ठेवून, दोघांपैकी कोणाकडेही न बघता उभे राहिले.