आईच्या नावाची जात

ताईची उभी हयात रानबेरीच्या काटेरी जाळ्यांत गेली. गुलाबाच्या कुळातला हा वंश मोठा चकवणारा. काटा जरा वाकडा, पानामागची लव जरा दाट, की वाद सुरू: ही जात वेगळी, की तीच? ताईने संस्थेच्या वनस्पती संग्रहालयात फांद्या वाळवून, भिंग लावून एकेक जात वेगळी काढली होती. त्यातल्या एकीला आईचं नाव दिलं होतं.

मग धाकटी बहीण मोठ्या प्रयोगशाळेत शिकून त्याच संस्थेत रुजू झाली. पानाचा कपटा यंत्रात घालून ती झाडांची नाती सांगू लागली. ताईच्या कितीतरी जाती तिने सरळ एकीत जमा केल्या.

"आता कुठे या वंशाचं वर्गीकरण मार्गी लागलं!" विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले.

ताईनेही टाळ्या वाजवल्या, पण पोटात दुखत होतं. आपण काटे सोसले, आणि हिला सगळं आयतं!

"ताई, आईच्या जातीचं ताजं पान देशील? ती जाळी तुलाच ठाऊक आहे," धाकटी म्हणाली.

ताईने कुंपणावरच्या साध्या जाळीचं पान पाकिटात घालून दिलं. हिची वंशावळ वेडीवाकडी निघू दे, चार लोक हसू देत, एवढंच मनात होतं.

पण तसं काही झालं नाही. आठवड्याने धाकटी रडवेली होऊन आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. आईची जात वेगळी नाहीच. कुंपणावरचीच जाळी आहे ती. नाव काढून टाकावं लागेल."

हिचा पाय ओढायला गेले आणि धोंडा आपल्याच पायावर! ताई तशीच उठली, टेकडी चढली आणि हात ओरबाडून घेत खरं पान घेऊन आली.

धाकटीने पान उलटलं. मागची पांढरी लव पाहून तिने मान वर केली. "मग आधीचं कुठलं होतं?"

"कुंपणावरचं."

"चुकून?"

"नाही."

धाकटीने ते पान यंत्रात घातलं. निकाल आला: आईची जात स्वतंत्रच. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शोधनिबंधावर तुझंही नाव घालतेय, कारण जात तू ओळखलीस. पण यापुढे पानं माझी मी तोडीन."

निबंध छापून आला, तेव्हा विभागप्रमुखांनी आधी धाकटीचंच अभिनंदन केलं. ताईच्या पोटात पुन्हा दुखलं. या वेळी मात्र तिला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही दुखायचं काही थांबलं नाही.