नोटिशीतलं तोंड

प्रताप नगरात माझा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास आहे. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात अनुसयानं पुढ्यात ठेवलेला कागद वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अनुसया साड्यांच्या एका मोठ्या दुकानात चौदा वर्षं साड्या दाखवते. माहेर उमरेडचं, विणकरांचं. मालकानं तिला इंग्रजीत नोटीस दिली होती: तुम्ही गिऱ्हाइकाकडे पाहून ‘स्काऊल’ केलंत, दोन दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर कामावर येऊ नका. सातवी शिकलेल्या बाईला इंग्रजी नोटीस! म्हणजे तिनं मुकाट्यानं सही करावी.

“मॅडम, मी काय केलं म्हणते थो मालक?”

मी तिला आरशासमोर उभं केलं आणि तोंडं करून दाखवली. नुसत्या भुवया आक्रसल्या तर फ्राऊन. चष्मा विसरलेला माणूसही तेवढं करतो. त्यात तोंडही वाकडं झालं की स्काऊल. ओठ एका बाजूनं उचलून समोरच्याला कस्पटासमान लेखलं तर स्नीअर. आणि रागानं डोळे रोखून एखाद्याकडे पाहतच राहिलं तर ग्लेअर.

“हे शेवटचं,” ती म्हणाली. “पण गिऱ्हाइकाकडे नाही. मालकाकडे पाहून राहिली होती मी. मशीनवरची साडी हातमागाची म्हणून विकून राहिला होता. वरतून म्हणे, हे विणकराची पोरगी हाये, हिले विचारा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काहीच नाही. नुसतं पाह्यलं. बोलली नाही, त्याचाच तर राग येऊन राहिला मले.”

चौदा वर्षांची नोकरी. मी पोक्त विचार केला आणि लिहिलं: दिव्याचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून फ्राऊन केलं, क्षमा असावी. तिला अर्थ सांगितला.

“काहून जी मॅडम, तुमीबी खोटंच लिवता?”

झोंबलं मला. आधी तिचा राग आला, मग माझा. कागद फाडून नवा घेतला आणि तिच्या वतीनं इंग्रजीत लिहिलं: मी गिऱ्हाइकाकडे स्काऊल केलं नाही. तुमच्याकडे पाहून ग्लेअर केलं, कारण तुम्ही खोटं बोलत होता. एवढंच. अनुसया तासभर ते घोकत बसली.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. दुकान बायकांनी भरलेलं. गल्ल्यासमोर उभी राहून तिनं सगळं खणखणीत वाचलं. मालक लालबुंद झाला.

“हे काय नाटक लावलंस? मराठीत बोल!”

“नोटीस इंग्रजीत देली होती ना तुमी?” अनुसयानं कागद गल्ल्यावर ठेवला आणि साडी चाचपत बसलेल्या बाईकडे वळली. “मराठीतबी सांगतो. ताई, हे साडी हातमागाची नाही, मशीनवरची हाये.”