भुऱ्याच्या पोटात सात घरं

कुरखेड्याच्या अलीकडे सात घरांचा एक टोला होता, एवढीशी वस्ती. तिथल्या कमळाबाईला साऱ्या जगाच्या चौकशा. कोणाची कोंबडी कोणाच्या कुडाआड अंडं घालते, हे तिला कोंबडीच्या मालकाआधी ठाऊक. दुसरी निवडणूक झाली त्या साली तिचा जुना कुत्रा बिबट्यानं नेला. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, गोठ्यात एक गाय तेवढी. घर खायला उठायचं. म्हणून नाल्यापलीकडच्या सुकलूनं तिला दीड महिन्याचं पिलू आणून दिलं. भुरकं होतं, म्हणून भुऱ्या.

आठवड्यात भुऱ्याला जुलाब लागले. फासळ्या दिसू लागल्या. सुकलूचा जन्म कुत्री वाढवण्यात गेला होता. त्यानं पिलाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू बसली तशी, अंगातलं पाणी आटलं म्हणत मान हलवली आणि बजावलं, की उकळून थंड केलेलं पाणी पाज, तांदळाची पातळ पेज थोडीथोडी दे, दुसरं काही नाही. दूध तर मुळीच नाही. असेच आणखी दोन-तीन दिवस गेले, तर पिलू हातचं जाईल.

कमळाबाईनं पेज सुरू केली. जुलाब काही थांबेनात. मग मात्र बाईचं डोकं चाललं. आत जाते पांढरी पेज, मग बाहेर काळं काऊन पडते? तिनं काडी घेतली आणि सरळ उकरायलाच बसली. नाक मुरडू नका. जीव वाचवायचा तर असलं बघावंच लागतं. कोणाच्या चुलीवर काय शिजतं, हे तिला पाठच. काडीला मोहाचं फूल लागलं, ते नथ्थूचं घर. सुक्या मासोळीचा काटा, पोचूचं. जवस म्हणजे मनकर्णा. संध्याकाळपर्यंत सहा घरं मोजून झाली.

तेव्हा कुठं तिला आठवलं. नवं कुत्रं आलं, की प्रत्येक घरानं त्याला आपल्या हातचा घास द्यायचा, म्हणजे मोठेपणी ते त्या घरच्यांवर भुंकत नाही, अशी टोल्याची रीत. आणि विसरू नका हो, असं हिनंच दारोदार सांगितलं होतं! आता रीत मोडावी तर लोक रुसतील, न मोडावी तर पिलू जाईल. तिनं प्रत्येक घरून मूठभर तांदूळ मागून आणले, एकाच गंजात पेज शिजवली आणि ज्यानं त्यानं बोट बुडवून तेवढंच चाटवावं, असं ठरवून टाकलं. कोणी रुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काडीला ना मोह लागला, ना काटा. जुलाब मात्र होतेच, आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या. कमळाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. टोल्यात दुभतं जनावर एकच होतं. सातवं घर सापडलं.

सुकलू आला तेव्हा तिला फार लाज वाटली, पण तिनं लपवलं नाही.

"मीच पाजून राह्यली होती, भाऊ. कुईकुई करे तं मले राहवे नाई."

"तो भुकेनं नाई रडत, बाई. एकटा पडते म्हणून रडते," सुकलू म्हणाला. "दूध मना केलं होतं. मांडीवर घ्याले कोण नाई म्हटलं तुले?"

कमळाबाईला रडूच आलं. तिनं भुऱ्याला उचललं, ते दोन दिवस पेज-पाण्यापुरतंच खाली ठेवलं.

तिसऱ्या सकाळी अंगणात घट्ट लेंडी पडली. कमळाबाईनं सहाही घरांना हाका मारल्या, आणि लोक खरंच बघायला आले. ती मात्र उठली नाही. पिलू मांडीवरून उतरवावं लागलं असतं, म्हणून बसल्या जागेवरूनच बोट दाखवत राहिली.