उसने बूट

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच म्हणजे तत्त्वाचा पक्का. मैदानावर स्वतःच्या पोरालाही 'बाबा' म्हणू देत नसे, तिथे फक्त 'सर'. पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून अख्खा सीझन त्याने त्याला बाकावर बसवला. न्याय म्हणे! "शेवटच्या मॅचला खेळवतो," असा शब्द मात्र दिला होता.

त्या मॅचच्या हाफटाइमला 'रॉकेट'चे बूट फाटले. तो टीमचा सगळ्यात वेगवान गडी.

"बघत काय बसलाय? द्या कुणीतरी आपले!" कोच खेकसला. कुणी दिले, हे बघायला त्याला फुरसत कुठली!

रॉकेटने दोन गोल ठोकले. मॅच संपत आली, तसा कोच बाकाकडे वळला. "ऊठ. उतर मैदानात."

पोरगा नुसत्या मोज्यांवर बसला होता. "माझे बूट रॉकेटच्या पायात आहेत, सर."

रॉकेटला बाहेर बोलवेपर्यंत शेवटची शिट्टी वाजली. टीम जिंकली.

घरी जेवताना कोच पोराकडे वळला. "बाळा, चुकलंच माझं."

पोराने मान वर केली नाही. भाजीचं भांडं तेवढं पुढे सरकवलं.

"वाढू का, सर?"