फिजिक्समध्ये एकोणपन्नास

अशी कल्पना कर, की तू सतरा वर्षांची आहेस आणि दुपारचे सव्वादोन वाजले आहेत. रायपुरात नवतपा लागला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या या नऊ दिवसांत समता कॉलनीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर येत नाहीत. घरात कूलर घरघरतो आहे. आई जेवून आडवी झाली आहे आणि समोरच्या खोलीत आजोबा तोंडावर पेपर घेऊन झोपले आहेत. तुझा फोन गादीवर पालथा पडला आहे. तो थरथरतो. तू उचलतेस, आणि कधीही न पाहिलेला एक माणूस फार मायेने विचारतो, "बेटा, मम्मी सो गई ना?"

आता जरा थांब. तुझी आई या वेळी झोपते, हे त्याला कसं कळलं?

ही मुलगी म्हणजे ओवी. तिला हा प्रश्न पडला नाही, कारण ते तिनंच त्याला कळवलं होतं. कसं, ते सांगतो. पण त्याआधी निकालाच्या दिवशी काय झालं ते ऐक.

बारावीचा निकाल लागला तेव्हा ओवीचे बाबा शहराबाहेरच्या नवा रायपूरला ऑफिसात होते. देवदत्त त्यांचं नाव. त्यांनी तिथूनच फोन केला आणि एकेका विषयाचे गुण विचारले. इंग्रजी, गणित, केमिस्ट्री सगळं ठीक होतं. मग म्हणाले, "फिजिक्स?"

"एकोणपन्नास."

 बाबा "बरं, निघाली म्हणायची" म्हणाले आणि साहेबांनी बोलावलं म्हणून फोन ठेवला.

ओवी खोटं बोलली नव्हती. एकोणपन्नासच होते. पण फिजिक्सचे शंभर गुण दोन ठिकाणांहून येतात. सत्तर लेखी परीक्षेचे, तीस प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकात तिला तीसपैकी तीस होते आणि लेखीत सत्तरपैकी एकोणीस. बोर्ड नुसती बेरीज पाहत नाही. लेखीत वेगळं पास व्हावं लागतं, आणि त्याला तेवीस लागतात. ओवीला चार कमी पडले होते. गुणपत्रिकेच्या अगदी तळाशी 'कंपार्टमेंट' असा एकच शब्द होता. म्हणजे बाकी सगळं पास, एक विषय राहिला.

त्या तळापर्यंत घरात कोणाची नजर गेली नाही. बाबा नागपूरला शिकले तेव्हा पस्तीस म्हणजे पास असं साधं गणित होतं, आणि आबाजींना, म्हणजे आजोबांना, तेही लागलं नाही. त्यांनी पायात चपला घातल्या, पेढे आणले आणि अख्ख्या गल्लीत "आमची पोट्टी बारावी झाली" असं सांगत वाटले. शेवटचा पेढा त्यांनी ओवीच्या तोंडात घातला. तिनं तो खाल्ला. सांगायची वेळ बहुधा तीच होती.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बाबांनी शाळेच्या ग्रुपवरची सूचना मोठ्याने वाचली. कंपार्टमेंट आलेल्या मुलांनी शनिवारी दुपारी दोनपर्यंत पालकांच्या सहीचा फॉर्म शाळेत द्यावा. "बिचारी पोरं," म्हणाले आणि वरणात तूप घातलं. ओवीनं मीठ मागितलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोनवर शोधलं, की एका विषयात राहिलं तर काय करायचं. पुष्कळ पानं उघडली. त्यांतल्या एकावर निळ्या पट्टीत 'विद्यार्थी सहायता' असं लिहिलं होतं आणि खाली एक अर्ज होता. नाव, रोल नंबर, वडिलांचं नाव, कोणता विषय, किती गुण कमी. फोन कधी करावा? ओवीनं लिहिलं, दुपारी दोन ते तीन, आई झोपलेली असते. शेवटी एक प्रश्न होता. घरी माहीत आहे का? हो, नाही.

तिनं 'नाही'वर बोट ठेवलं.

त्याच दुपारी फोन आला. त्या माणसानं आपलं नाव प्रताप सर सांगितलं. त्याचा आवाज छान होता, एखाद्या आवडत्या सरांचा असावा तसा. चार गुण म्हणजे काहीच नाही, असं तो म्हणाला. तपासणाऱ्याचा हात जड असला की असं होतं. आत आपली माणसं आहेत. तुझा पेपर पुन्हा निघेल, एकोणीसचे तेवीस होतील, नवी गुणपत्रिका येईल, आणि घरच्यांना जे वाटतं आहे तेच खरं ठरेल. फक्त एक काळजी घ्यायची. शाळेतला तो फॉर्म भरायचा नाही. एकदा का तो भरला की आपणच नापास असल्याचं लिहून दिलं, मग कोणाला काही करता येत नाही.

किती दिवसांनी कोणीतरी तिच्याशी या विषयावर बोललं होतं. ओवी त्या दिवशी पोटभर जेवली.

तरी बुधवारी ती शाळेत गेली. मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगितलं होतं, म्हणजे आता खोटंही सुरू झालं होतं. ऑफिसात कारकून हिरालालजी बसले होते. वीस वर्षं तेच फॉर्म, तीच यादी. त्यांनी यादीत तिचं नाव शोधलं, मान हलवली आणि पंखा तिच्याकडे वळवला. मग सांगितलं, की घाबरण्यासारखं काही नाही. दर वर्षी आठ-दहा मुलं असतात. जुलैत फक्त फिजिक्सचा लेखी पेपर द्यायचा, प्रात्यक्षिकाचे तीस तसेच राहतात. तपासणीबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, पुन्हा तपासून घेता येते. पण त्या भरवशावर फॉर्म मात्र सोडायचा नाही. दोन्ही करायचं. तारीख चुकली तर वर्ष गेलं. मग पुढच्या वर्षी बाहेरून बसा, नाहीतर ओपन स्कूलचा रस्ता धरा. तेही रस्तेच आहेत, पण लांबचे.

"फॉर्म भरल्यावर आणखी काही करता येतं?" ओवीनं हिंदीत विचारलं.

"हव, काहून नहीं," ते म्हणाले. "बस, पापा का साइन ले आना. नहीं तो दादाजी का. शनिवार, दो बजे. उसके बाद मैं भी कुछ नहीं कर सकता बेटी."

ओवीनं फॉर्म घरी आणला आणि फिजिक्सच्या पुस्तकात घडी घालून ठेवला. गुरुवारी तिनं प्रताप सरांना सांगितलं, की फॉर्म भरला तरी चालतं असं शाळेत सांगतात. तो हसला. शाळेला तर असंच वाटणार, म्हणाला. मग, जसं काही आत्ताच आठवलं, तसं म्हणाला, की आतल्या माणसांना काहीतरी द्यावं लागेल. तू लहान आहेस, तुझ्याकडे पैसे कुठले. पण घरात एखादी जुनी साखळी असेल ना, कोणी रोज घालत नाही अशी? शनिवारी दुपारी एक वाजता सदर बाजारात यायचं. तिथं माझा माणूस असेल.

ओवी म्हणाली, नको सर, त्यापेक्षा मी पापांना सांगून टाकते.

पलीकडचा आवाज जराही चढला नाही. "तू क्यों तकलीफ करेगी? मैं ही बता देता हूँ. देवदत्तजी नाम है ना? कहूँगा, बिटिया फेल होकर दादाजी के हाथ से पेड़ा खा रही थी."

पेढ्याचं तिनंच त्याला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, जरा हलकं वाटावं म्हणून.

शनिवारी आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची पाठ वळली तेव्हा ओवीनं कपाटातल्या डब्यातून आजीची साखळी काढली. आजीला जाऊन चार वर्षं झाली होती. डब्यात कापूस होता, त्यात साखळीचा वळसा उमटलेला होता. ओवीनं कापूस सारखा केला. साखळी रुमालात, रुमाल पर्समध्ये. का कोण जाणे, तो फॉर्मही तिनं पुस्तकातून काढून सोबत घेतला.

आबाजी दारातच बसले होते. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"एवढ्या तपनात कुठं चालली वं?"

"मैत्रिणीकडे, आबाजी."

"संग कोणी आहे का?"

ते रोजच विचारत. ओवी नेहमीप्रमाणे "हो" म्हणाली आणि चौकात जाऊन ई-रिक्शात बसली.

रस्ते रिकामे होते. तात्यापारा चौकापर्यंत रिक्शात ती एकटीच होती. पर्स तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, म्हणून मेसेज आला तेव्हा फोन काढायला वेळ लागला. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. प्रताप सरांनी चारच शब्द लिहिले होते.

'अकेली आ रही है?'

ओवीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आत्ताच कोणीतरी हेच विचारलं होतं. आबाजींनी विचारलं तेव्हा तिनं "नाही" म्हटलं असतं, तर ते काठी घेऊन उठले असते आणि या उन्हात तिच्यासोबत निघाले असते. मग याला कोणतं उत्तर हवं आहे?

तेव्हा तिला तो अर्ज आठवला. रोल नंबर ठीक, विषय ठीक, गुण ठीक. पेपर पुन्हा तपासायला एवढं पुरे. मग घरी माहीत आहे की नाही, हे त्यांना कशासाठी हवं होतं? हिरालालजींनी तर तसलं काही विचारलं नव्हतं. आणि 'हो'वर बोट ठेवणाऱ्या मुलांना तो फोन आलाच नसेल. सगळ्या अर्जात कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

रिक्शा सदर बाजाराच्या तोंडाशी पोचली. स्कूटरींची गर्दी सुरू झाली होती. दागिन्यांच्या पहिल्याच दुकानाच्या सावलीत पांढऱ्या शर्टातला एक माणूस मोबाइल हातात घेऊन येणाऱ्या प्रत्येक रिक्शात डोकावून पाहत होता. कदाचित तो आपल्या बायकोची वाट पाहत असेल. ओवीनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि रिक्शावाल्याला म्हणाली, "भैया, वापस ले लो. समता कॉलोनी."

रिक्शा वळेपर्यंत फोन वाजू लागला. तिनं तो पर्समध्ये पालथा टाकला. तो थांबला, पुन्हा वाजला. तात्यापाऱ्याशी एकदा, मग पुढच्या चौकात दोनदा. मधे मेसेज आला, की अभी पापा को फोन लगा रहा हूँ. ओवीनं मागे वळून पाहिलं. मागे दोन स्कूटरी होत्या. त्यांतली एक कॉलनीच्या वळणापर्यंत मागेच राहिली, मग सरळ निघून गेली.

घरी पोचली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आबाजी अजून दारातच होते.

"परतली काहून?"

ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली. आधी रुमाल उघडून आजीची साखळी त्यांच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवली. आबाजींनी साखळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.  त्यांचा चष्मा घसरला होता, तो त्यांनी वर केला नाही. मग तिनं फॉर्म उलगडून साखळीशेजारी ठेवला.

"आबाजी, एकोणपन्नास खरे आहेत," ती म्हणाली, "पण मी नापास आहे. शाळा दोन वाजता बंद होते. इथं सही लागते."

त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथंच थांबला, कारण पर्समधून पुन्हा थरथर ऐकू येऊ लागली होती.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

ओवीनं फोन बाहेर काढला. इतके दिवस पालथा असायचा तो तिनं सुलटा केला, नाव वाचता येईल असा आबाजींच्या समोर धरला, आणि फोन घेऊन स्पीकर सुरू केला.