झोप घालवायचं जागरण

आमच्या गावची पोरं शाळेत झोपतात, हा म्हणे शाळेच्या जागेचा दोष. शाळा भरते देवळाच्या पडवीत. अनंता मास्तरांनी पाढे सुरू करावेत, तोवर अर्धी पोरं भिंतीला टेकून घोरतात. उरलेली भांडतात, चावतात, रडतात. माझी केसर घरी एकदा ऐकलेलं विसरत नाही, पण शाळेत तिला स्वतःचं नावसुद्धा दोनदा विचारावं लागतं.

यंदा ती चौथीला. तालुक्याहून शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येऊन परीक्षा घेणार होते. पास झाली तर मुरुडला माझ्या बहिणीकडे राहून पुढे शिकणार. नापास झाली तर माझ्यासारखीच मासळीची टोपली डोक्यावर. माझा जीव त्या एका दिवसावर टांगलेला.

साहेब येणार म्हणून गावकी बसली. मी उठून सांगितलं, "पहाटे होड्या किनाऱ्याला लागल्या की पोरांना मासळी निवडायला उठवता. ती शाळेत झोपणार न्हाय तर काय करणार? परीक्षेपुरतं तरी निजू द्या त्यांना!"

"मग मासळी कोण निवडील, नीराबाई? तुझा दिपोटी?" भागोजी पाटील म्हणाले. सगळे खो खो हसले.

बाळाजी भगतानं तांदूळ टाकून सांगितलं, पडवीत भुताची सावली आहे, तीच पोरांना झोपवते. उपाय काय, तर देवीचं जागरण. तेही साहेब यायच्या आदल्या रात्री! आणि ज्यांची झोप घालवायची, त्या पोरांनीच पुढ्यात बसायचं. मास्तर शिकलेले, म्हणून मी आशेनं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "पेटी मी वाजवीन." कर्म माझं!

झालं जागरण. केसर पेंगली की भगत तिच्या डोळ्यांना गार पाणी लावायचा. मी तिला उचलायला गेले, तर बायकांनी मलाच धरून बसवलं. "तुझ्याच पोरीच्या भल्यासाठी हाय ना गं?"

सकाळी साहेब आले. पोरं ओळीत, माना खाली, चिडीचूप. साहेब खूश झाले. "मास्तर, एवढी शिस्त तालुक्यात नाही!" मास्तर दचकून जागे झाले आणि "होय साहेब" म्हणाले.

मग साहेबांनी केसरला उभं केलं. "सातचा पाढा म्हण."

"सात एके सात," ती म्हणाली आणि उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटले. मला राहवेना. मी देवळाच्या अंगणातून धावत जाऊन तिला हलवलं. तिनं डोळे किलकिले केले.

"आये, होडी लागली?"

साहेबांनी मान हलवली. नापास.

संध्याकाळी गावकी पुन्हा बसली. भगत म्हणाला, सावली जबर हाय, एका रात्रीत हटायची न्हाय. पुढल्या साली तीन रात्री जागवू. केसर पुन्हा चौथीलाच असणार, तिला अगदी पुढे बसवू, असं पाटील मोठ्या मायेनं म्हणाले. मी उठले. घरी येऊन पोरीला निजवलं आणि आतून कडी घातली.

पहाटे पाटलांनी दार ठोठावलं. "नीराबाई, होड्या लागल्या! केसरला उठव!"

"भगताला उठवा!" मी आतूनच ओरडले. "माझी पोर निजलीय."