पिकअपचा उपास

देवगाव रंगारीच्या बाहेर वजनकाट्याचं एक बंद शेड आहे. त्या अमावस्येला तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, आणि माणसं तर विचारूच नका! मधोमध अजिनाथची जुनी पिकअप. काचेला हार, चाकांखाली लिंबं, बॉनेट सताड उघडं, आणि चाकेश्वर महाराज इंजिनावर तांब्यातांब्यानं दूध ओतत होते.

"भक्तहो, स्टेअरिंगपुढं पिवळा दिवा पेटलाय तो बघा! मेकॅनिक म्हणतो इंजिनाचा दिवा. अरे, कशाचा दिवा! शनीचा डोळा हाय तो! पण गाडीनं दोन तास कडक उपास धरलाय. आता डोळा मिटल!"

उपास म्हणजे काय, तर चेल्यानं बॅटरीची वायर काढून ठेवलेली. लोखंडाचं अन्नपाणी तोडलं म्हणे! महाराजांनी नारळ फोडून ते पाणीही इंजिनात शिंपडलं, चेल्यानं वायर पुन्हा लावली, अजिनाथनं चावी फिरवली. गाडी सुरू! पिवळा दिवा गायब! जयजयकारानं पत्रे दणाणले. अजिनाथ तर चक्क रडला.

रडणारच हो. अद्रकीची पोती घेऊन खुलताबादच्या घाटात ही गाडी दोनदा बंद पडलेली. शहरातल्या मेकॅनिकनं बॉनेटही नीट न उघडता सांगून टाकलं, "कॉम्प्युटर गया. बावन हजार." इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारी ती वहीएवढी पेटी, गाडी जुनी, म्हणून पेटी आणखी महाग. घरात विकण्यासारखं एकच होतं, अजिनाथच्या वडलांची, मल्हाररावांची मेंढरं. पिढ्यान्‌पिढ्या कळपामागं हिंडलेलं घर, आणि आता उरलेली अकरा. मल्हारराव म्हणाले, "मेंढरं इकायची नाय." मग बावन्न हजारांपुढं महाराजांचे एकवीसशे कुणालाही स्वस्तच वाटणार.

मी आयटीआयत सव्वीस वर्षं डिझेल मेकॅनिक शिकवलं. गाव मला मास्तर म्हणतं. त्या उपासातली गोम मला तिथल्या तिथं कळली होती. मी काय केलं? शेजारच्या गोकुळच्या कानात चार शब्द बोललो, दोघं फिदीफिदी हसलो आणि मी घरी जाऊन जेवलो. भर गर्दीत वाईटपणा कोण घेणार!

नवव्या दिवशी दिवा पुन्हा पेटला.

"श्रद्धेत खोट हाय," महाराज म्हणाले. "पाच अमावस्या कराव्या लागतील."

अजिनाथनं केल्या. दर अमावस्येला दूध, हळदीचं पाणी, नारळाचं पाणी, सगळं इंजिनावर. पाचव्या अमावस्येला मात्र गाडी ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली. उपास झाला, अभिषेक झाला, अजिनाथ चावी फिरवून थकला. गाडी ढिम्म.

महाराज क्षणभर गडबडले. पण असल्या लोकांची जीभ कधी अडत नाही. "हिच्यावर कळपाचा तळतळाट हाय! घरात काळी मेंढी हाय ना? ती इथं आणून सोडा."

मल्हारराव मुकाट उठले, मेंढी आणायला निघाले. त्या म्हाताऱ्याची वाकलेली पाठ बघून माझं डोकं फिरलं.

"मल्हारराव, बसा खाली!" मी ओरडलो. "गोकुळ, तुझ्या टेम्पोचा दिवा पेटलाय ना? काढ बॅटरीची वायर."

"मास्तर, मंत्र कोणता म्हणू?"

"एकोणतिसाचा पाढा म्हण."

लोक हसले. गोकुळ एकोणतीस चोक एकशेवीस म्हणाला, तसे आणखी हसले. पंधरा मिनिटांनी मी वायर लावायला सांगितली. टेम्पो सुरू झाला, दिवा विझलेला. आता मात्र कुणी हसेना.

"ऐका," मी म्हणालो. "जुन्या गाडीची बॅटरी तोडली की कॉम्प्युटर नोंदलेला बिघाड विसरतो. दिवा विझतो. बिघाड तिथंच असतो, म्हणून चार दिवसांनी दिवा परत येतो. ह्याला उपासही लागत नाय आणि पाढाही लागत नाय."

"देवाची निंदा करतो ह्यो!" महाराज किंचाळले.

"देवाचं नाव तुम्ही काढलं. मी बॅटरीचं बोलतोय."

मग मी पाना घेऊन पिकअपच्या कॉम्प्युटरची पेटी सोडवली. बॅटरीच्याच शेजारी असते ह्या गाडीत. जोडणीतून पांढरा-हिरवा थर निघाला आणि नासक्या दुधाचा भपकारा आला. पुढच्या बायांनी पदर नाकाला लावला. मी पेटी उघडून अजिनाथच्या हातात दिली. आतल्या तारा गंजून तुटल्या होत्या.

"आन्‌ पयला बिघाड काय व्हता?" त्यानं विचारलं.

मी बोट दाखवलं. इंजिनावरून बॉडीला येणारी एक वायर, नट ढिला, खाली गंज. गाडीला हादरे बसले की ती सुटायची आणि इंजिन मरायचं. पॉलिश पेपरनं घासून नट आवळायचा, अर्ध्या तासाचं काम, फार तर दोनशे रुपये. पाच महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर धडधाकट होता. तो आम्ही सगळ्यांनी मिळून दुधात बुडवून मारला.

एवढं होईस्तोवर महाराज चेल्याच्या मोटारसायकलवर बसून पसार झाले होते. पोरं दगड घेऊन धावली, मी अडवलं. त्यानं काय कॉम्प्युटर परत येणार होता?

शहरातल्या शहागंजापासून सगळीकडं हिंडून जुना कॉम्प्युटर मिळाला, गाडीला जुळवून घेण्यासकट अडतीस हजारांना. चार मेंढ्या गेल्या. व्यापाऱ्याच्या टेम्पोत त्या चढवताना मी गेलो होतो, का गेलो कुणास ठाऊक. मल्हारराव एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेवटली चढली, टेम्पोचा मागचा फळका लागला, तेव्हा ते माझ्याकडं वळले.

"मास्तर, पयल्या अमावस्येला तुमी व्हते ना तिथं?"

"होतो."

"तवाच कळलं व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलले का नाय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी फळक्याची कडी उगाच पुन्हा आवळली. त्या प्रश्नाची शरम आजही वाटते.

म्हणून हात जोडून सांगतो. जो तुमचं बॉनेट उघडून बिघाड डोळ्यांनी दाखवत नाही, तो भगव्या कपड्यातला असो की मेकॅनिकच्या निळ्या डगल्यातला, त्याला एक रुपया देऊ नका. विचारा, का, कसं, कशावरून? अडाणी म्हणतील, म्हणू द्या. आणि ज्यांना कळतं, त्यांनी शेजाऱ्याच्या कानात हसू नका. मी चार मेंढ्या गेल्यावर बोलतोय. तुम्ही आधी बोला.